सुट्टीत घर भरलंय? अंगणात खेळा ही उन्हाळी प्रश्नमंजुषा; काही उत्तरं हसवतील, काही जीव वाचवतील

शाळांना सुट्ट्या लागल्या की गावातली घरं भरतात. पुण्या-मुंबईची मंडळी येतात, आत्या येते, मावशी येते, मामाकडे भाचरं जमतात. लग्नसराई असते, जत्रा असते. रात्री जेवणं झाली की अंगणात नाहीतर गच्चीवर सतरंज्या पडतात आणि गप्पा रंगतात. त्यात लाईट गेली तर विचारूच नका, मोबाईल बाजूला राहतात आणि सगळे एकमेकांकडे बघून बोलायला लागतात.

अशा बैठकीसाठीच ही प्रश्नमंजुषा. प्रश्न राजधान्या आणि सनावळ्यांचे नाहीत. माठ, म्हैस, आंबा, कांदा, सावली, वीज अशा रोज डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टींचे आहेत. यातली बरीच उत्तरं पोरांपेक्षा आजी-आजोबांना आधी सुचतील, पण 'असं का?' म्हटलं की तेही क्षणभर थांबतील.

खेळायचं कसं? दोन गट पाडा, प्रत्येक गटात लहान-मोठे सारखे घ्या. एकाने मोबाईलवर प्रश्न वाचायचा, उत्तर लपवायचं. बरोबर उत्तराला एक गुण आणि कारण सांगितलं तर आणखी एक. हरलेल्या गटाने दुसऱ्या दिवशी आमरसाचे आंबे पिळायचे आणि कोयी-साली उचलायच्या.

फेरी पहिली : घर-अंगण

प्रश्न १. फ्रिजला वीज लागते. माठाला काहीच लागत नाही, तरी पाणी गार कसं होतं?

माठ 'पाझरतो' हे सगळ्यांना माहीत असतं. पण पाझरल्याने पाणी गार का व्हावं, इथे गाडी अडते.

भाजलेल्या मातीला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी बाहेरच्या बाजूला येतं आणि वाफ होऊन उडून जातं. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. चुलीवर ती जाळातून मिळते. माठाला चूल नसते, म्हणून उडून जाणारं पाणी ती उष्णता माठातूनच घेतं आणि आतलं पाणी गार होतं.

हिशोब मजेशीर आहे. १०० मिलीलीटर, म्हणजे साधारण अर्धा पेला पाणी उडून जाताना जेवढी उष्णता नेतं, तेवढ्यात पाच-सहा लिटर पाणी १० अंशांनी गार होऊ शकतं. बाहेरची उष्णताही आत येत असते, म्हणून प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडतो.

जोडप्रश्न : नागपूर-अकोल्याकडे माठातलं पाणी चांगलं गार होतं, कोकणात तेवढं होत नाही. का? कारण विदर्भातली उन्हाळी हवा कोरडी असते, पाणी भराभर उडतं. कोकणातली हवा आधीच दमट, तिच्यात आणखी वाफ मावायला जागा कमी. म्हणून कूलरही विदर्भात जोरात चालतो आणि समुद्रकाठी नुसता चिकचिकाट करतो.

आता कळेल की ऑईलपेंटने रंगवलेला माठ दिसायला छान असला तरी पाणी गार का करत नाही. रंगाने छिद्रं बुजतात. जुना माठ दोन-तीन उन्हाळ्यांनी मंदावतो, कारण पाण्यातल्या क्षारांनी त्याचीही छिद्रं बंद होतात.

प्रश्न २. ऊन वाढलं की म्हैस डबक्यात जाऊन बसते. गाय तशी का बसत नाही?

'म्हैस आळशी' हे उत्तर चुकीचं, गुण नाही.

म्हशीचं कातडं काळं, त्यामुळे ऊन जास्त शोषलं जातं. अंगावर केस विरळ. आणि मुख्य म्हणजे घाम बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी गाईच्या तुलनेत खूपच कमी. घाम म्हणजे शरीराचा माठच. तो अंगावरून उडून जातो आणि अंग गार होतं. म्हशीचा हा माठ फारसा पाझरत नाही, म्हणून ती पाणी आणि चिखल बाहेरून अंगाला लावून घेते.

दावणीला बांधलेल्या म्हशीला डबकं मिळत नाही. तिला दुपारी सावली, अंगावर पाणी किंवा ओलं गोणपाट आणि प्यायला भरपूर पाणी लागतं. हे नसेल तर दूध कमी होणं ही पहिली खूण.

जोडप्रश्न : कुत्रा उन्हात जीभ बाहेर काढून का धापा टाकतो? त्याला अंगभर घाम येत नाही. जिभेवरची आणि तोंडातली ओल उडवून तो अंग गार करतो. कारण पुन्हा तेच, माठाचं.

प्रश्न ३. खोलीत कोणी नसताना पंखा चालू ठेवला तर खोली गार होते का?

नाही. पंखा हवा गार करत नाही, फक्त हलवतो. आपल्या अंगावरचा घाम त्या वाऱ्याने लवकर उडतो म्हणून आपल्याला गार वाटतं. रिकाम्या खोलीत घाम येणारं कोणी नसतं, वाढतं ते फक्त लाईट बिल.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हवा ४० अंशांच्या पुढे तापली की नुसता पंखा उलट गरम हवा अंगावर फेकतो. अशा दुपारी म्हाताऱ्या माणसांना आणि लहान बाळांना फक्त पंख्याखाली झोपवून भागत नाही. अंग ओल्या फडक्याने पुसा, दारा-खिडक्यांना ओले पडदे लावा, मग पंख्याचा उपयोग होतो.

फेरी दुसरी : ताट-वाटी

प्रश्न ४. उपवासाची साबुदाणा खिचडी. साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची. यातलं मूळचं भारतातलं काय?

आजीला विचारा. ती ठामपणे सांगेल, 'सगळंच आपलं.' खरं उत्तर आहे, एकही नाही!

साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कसावा, शेंगदाणा आणि बटाटा हे तिन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेतले. मिरचीही अमेरिका खंडातलीच. युरोपातल्या दर्यावर्दींनी अमेरिकेची वाट शोधली आणि १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला. त्यानंतर पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांच्या जहाजांमधून ही पिकं हळूहळू आपल्याकडे आली. त्याआधी आपल्याकडे तिखटासाठी मिरी, पिंपळी आणि आलं वापरायचे.

म्हणजे शिवारात हिरवी मिरची आणि घरात शेंगदाण्याची चटणी नसलेला महाराष्ट्रही कधीकाळी होता. खिचडीवरचं साजूक तूप मात्र आपल्याच गाई-म्हशींचं, त्याचा अर्धा गुण द्यायला हरकत नाही.

प्रश्न ५. आंबा, काजू, बिब्बा आणि चारोळी यांचं एकमेकांशी नातं काय?

हे चौघे भाऊबंद आहेत. वनस्पतीशास्त्रात ही सगळी झाडं एकाच कुळात येतात. बिब्बा अंगावर उततो, काजूच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, आणि आंब्याचा चीक ओठाला लागला की फोड येतो. तिन्ही गोष्टी एकाच घराण्याच्या खोडी. म्हणून आंबा खाण्याआधी देठाकडचा चीक काढून टाकायचा आणि आंबा स्वच्छ धुवायचा, ही आजीची शिस्त अगदी योग्य.

जोडप्रश्न : 'हापूस' हे नाव कुठून आलं? गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीच्या नावावरून आंब्याला 'अल्फान्सो' नाव पडलं, आणि आपल्या जिभेवर त्याचा हापूस झाला. नाव परदेशी असलं तरी आंबा अस्सल इथलाच. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

प्रश्न ६. अढीत एक आंबा पिकला की बाकीचेही लवकर पिकतात. का?

पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं. तो वायू शेजारच्या फळांनाही पिकायचा इशारा देतो. अढीत गवत किंवा पेंढा घातला की ऊब राहते, वायूही आत कोंडतो आणि आंबे एकापाठोपाठ एक तयार होतात. हिरवी केळी लवकर पिकवायची असतील तर त्याच डब्यात एक पिकलेलं केळं ठेवून बघा, परिणाम दिसेल.

काही व्यापारी घाईसाठी कॅल्शियम कार्बाईड वापरतात. त्यातून निघणारा ॲसिटिलीन वायू इथिलीनसारखंच काम करतो, पण कार्बाईडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे विषारी अंश असू शकतात. म्हणून फळं पिकवायला कार्बाईड वापरण्यावर भारतात बंदी आहे. शास्त्रशुद्ध रायपनिंग चेंबरमध्ये ठरावीक प्रमाणात इथिलीन सोडायला मात्र परवानगी आहे.

प्रश्न ७. कांदा नुसता हातात धरला तर डोळ्यांत पाणी येत नाही. चिरला की का येतं?

कांद्यात दोन घटक वेगवेगळ्या कप्प्यांत बंद असतात. विळी फिरली की कप्पे फुटतात, दोन्ही घटक एकत्र येतात आणि गंधक असलेला एक वायू तयार होतो. तो डोळ्यांतल्या ओलीत मिसळला की झोंबतो. मग डोळे तो धुवून काढायला पाणी सोडतात.

उपाय? विळी धारदार ठेवा, म्हणजे कांदा चेंगरत नाही आणि कप्पे कमी फुटतात. कांदा थोडा वेळ गार पाण्यात किंवा फ्रिजमध्ये ठेवला तरी वायू कमी सुटतो. कांद्याचा भाव पडल्यावर शेतकऱ्याच्या डोळ्यांत येणाऱ्या पाण्यावर मात्र विज्ञानाकडे उपाय नाही.

फेरी तिसरी : ऊन-आभाळ

प्रश्न ८. उन्हाळ्यात सूर्य पृथ्वीच्या जवळ येतो. बरोबर की चूक?

चूक! या प्रश्नावर भले भले पडतात.

पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपण शेकोटीपाशी बसलेलो असतो तेव्हा. अंतर असतं सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटर. सर्वांत दूर असते ती जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५ कोटी २० लाख किलोमीटरवर. म्हणजे मे महिन्यात आपण सूर्यापासून लांब-लांबच जात असतो.

मग ऊन का वाढतं? पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंश कललेला आहे. उन्हाळ्यात आपली बाजू सूर्याकडे झुकते, किरणं सरळ डोक्यावर पडतात आणि दिवसही मोठा होतो. बॅटरी भिंतीवर सरळ धरली तर प्रकाश एका जागी लख्ख पडतो, तिरकी धरली तर पसरून फिका होतो. पोरांना हे रात्री बॅटरीनेच दाखवता येईल.

प्रश्न ९. भर दुपारी, लख्ख उन्हात माणसाची सावली गायब होऊ शकते का?

होते, आणि तीही आपल्याच गावात. सूर्य अगदी डोक्यावर आला की सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली जाते. याला 'शून्य सावली दिवस' म्हणतात. वर्षातून असे दोन दिवस येतात. दुसरा दिवस पावसाळ्यात ढगांत हरवतो, म्हणून मे महिन्यातलाच बघायचा.

हा दिवस दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो. कोल्हापूरला साधारण ६-७ मे, सातारा-सोलापूरला १०-११ मे, पुण्याला १४ मे, अहिल्यानगर-नांदेडला १६ मे, नाशिकला २० मे, जळगावला २५ मे आणि नागपूरला २६ मे. एखादा दिवस मागे-पुढे होतो. वेळ दुपारी बाराला बरोबर नसते; नागपूरकडे बारा वाजून दहा मिनिटांच्या, तर मुंबई-कोकणाकडे बारा वाजून पस्तीस मिनिटांच्या आसपास असते.

सपाट जागेवर स्टीलचा पेला किंवा पाईपचा तुकडा सरळ उभा ठेवा आणि बघा. दिल्लीच्या पाहुण्यांना जरूर दाखवा, कारण दिल्लीत सूर्य कधीच बरोबर डोक्यावर येत नाही. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

प्रश्न १०. मोबाईल ४२ अंश दाखवतो. मग शेतात ५० असल्यासारखं का वाटतं?

कारण हवामान खात्याचं तापमान हे सावलीतल्या हवेचं असतं. जमिनीपासून साधारण चार फुटांवर, झडपा असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत तापमापक ठेवतात. तापमापकावर थेट ऊन पडत नाही, हवा मात्र खेळती राहते. ही पेटी तयार केली थॉमस स्टीव्हन्सन यांनी. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारे प्रसिद्ध लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे ते वडील.

म्हणजे ४२ हा आकडा सावलीचा. उघड्या रानात डोक्यावर थेट ऊन, खालून तापलेली माती आणि हातात काम, असा तिहेरी मारा असतो. 'आज फक्त ४१ आहे' म्हणून दुपारी खुरपायला जाणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा.

जोडप्रश्न : भारतातलं विक्रमी तापमान कुठलं? राजस्थानातलं फलोदी, १९ मे २०१६, ५१ अंश सेल्सिअस. जगातला विक्रम अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, १० जुलै १९१३, ५६.७ अंश.

फेरी चौथी : इथे मात्र चुकायचं नाही

आतापर्यंत उत्तर चुकलं तर गुण गेला, बाकी काही नाही. पुढच्या तीन प्रश्नांचं तसं नाही. अंगणात चुकलं तर चालेल, रानात चुकलं तर माणूस जातो. म्हणून या फेरीत गुण मोजू नका. सगळ्यांना उत्तर पाठ होईपर्यंत पुढे जाऊ नका.

प्रश्न ११. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही. खरं की खोटं?

खोटं. खिशातला कांदा अंगाची उष्णता ओढून घेत नाही. तो ठेवला म्हणून नुकसान नाही, पण 'कांदा आहे ना' म्हणून भर उन्हात फिरलं तर नुकसान नक्की.

इथे माठाचं उत्तर पुन्हा आठवा. घाम उडतो तोवर शरीर गार राहतं. अंगातलं पाणी आणि मीठ कमी पडलं, किंवा हवा इतकी दमट असली की घाम उडेचना, तर आतली उष्णता चढत जाते. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जाऊन माणूस बरळायला लागतो, झोकांड्या खातो किंवा बेशुद्ध पडतो. हा उष्माघात. अंग कोरडं आणि तापलेलं असू शकतं, पण कष्टाचं काम करताना उष्माघात झाला तर घाम असूही शकतो. त्यामुळे घामापेक्षा बोलण्या-वागण्यातल्या फरकाकडे लक्ष द्या.

तेव्हा काय करायचं? १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत माणसाला गार करायला लागा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, जोरात वारा घाला. काखेत, मानेला, जांघेत गार पाण्याची फडकी ठेवा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

तशी वेळ येऊ नये म्हणून तहान लागायची वाट न बघता पाणी, ताक, पन्हं, मीठ घातलेलं लिंबू सरबत घ्यावं. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर ओआरएस द्या. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, छोटा.

प्रश्न १२. पायाळू माणसावर वीज पडते. खरं की खोटं?

साफ खोटं. जन्माला येताना पाय आधी आले की डोकं, याच्याशी विजेला देणंघेणं नाही. वीज बहुतेकदा उंच किंवा उघड्यावर एकट्या दिसणाऱ्या गोष्टीवर पडते. मोकळ्या माळावरचं एकटं झाड, विजेचा खांब, मोकळ्या शेतात उभा असलेला माणूस, सगळे त्यात आले. घरातला पायाळू सुरक्षित असतो, आणि झाडाखाली थांबलेला कोणीही धोक्यात.

वीज किती लांब आहे हे मोजताही येतं. लख्ख दिसलं की लगेच सेकंद मोजायला लागा, गडगडाट ऐकू आला की थांबा. आवाज एका सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. नऊ सेकंद झाले तर वीज तीन किलोमीटरवर. पोरांना हा खेळ फार आवडतो, पण तो पक्क्या घरात बसूनच खेळायचा.

मोजणी ३० सेकंदांच्या आत आली तर वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. लगेच पक्क्या घरात किंवा दारं-काचा बंद असलेल्या पत्र्याच्या टपाच्या गाडीत जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं बाहेर पडू नका. पाऊस पडत नाही म्हणून वीज पडणार नाही असं नसतं. पावसापासून दहा-बारा किलोमीटर लांबही ती पडते. वळवाचे ढग आले की 'एवढी गंजी झाकून येतो' म्हणून रानात पळणाऱ्यांनी हे ऐकावं.

रानातच अडकलात तर झाडाखाली जाऊ नका. तारेच्या कुंपणापासून, विहिरीवरच्या लोखंडी पाईपापासून, ट्रॅक्टरपासून लांब व्हा. सखल जागी दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, डोकं गुडघ्यांत घाला, कान झाका. आडवं पडू नका, कारण वीज जमिनीतून पसरते. चार जण असाल तर एकमेकांपासून लांब बसा.

वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसतो, हाही गैरसमज. अंगात वीज साठून राहत नाही. श्वास बंद असेल तर ताबडतोब छातीच्या मधोमध जोरात आणि भराभर दाब द्यायला लागा आणि १०८ ला फोन करा. विजेचा आगाऊ इशारा देणारं 'दामिनी' हे मोफत ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलं आहे. खेळ संपल्यावर घरातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये ते घेऊन टाका.

प्रश्न १३. नाग दूध पितो आणि पुंगीवर डोलतो. यातलं खरं काय?

दोन्ही खोटं. साप दुधावर जगत नाही; उंदीर, बेडूक, पाली हे त्याचं अन्न. सापाला बाहेरचे कान आणि कानाचा पडदा नसतो. तो पुंगीच्या सुरावर नाही, तर समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून डोलतो. जमिनीची थरथर मात्र त्याला चांगली कळते. म्हणून रात्री वाटेने जाताना काठी आपटत, पाय वाजवत जायची जुनी सवय शहाणपणाची.

खरा प्रश्न पुढे आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार विषारी सापांपैकी झोपलेल्या माणसाला सर्वांत जास्त धोका कोणाचा? उत्तर, मण्यार. तो रात्री फिरतो, उंदीर-पालींच्या मागे घरात येतो. त्याचा चावा बऱ्याचदा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे माणूस पोटात दुखतं म्हणतो, उलटी होते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. घरचे पित्त समजून सोडा देतात आणि वेळ निघून जाते.

म्हणून उन्हाळ्यात खाली सतरंजीवर झोपण्यापेक्षा खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. रात्री अंगणात जाताना बॅटरी घ्या.

साप चावलाच तर कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका. मंत्र-तंत्र आणि पाल्यात वेळ घालवू नका. अंगठी, जोडवी, पैंजण काढा, कारण सूज चढते. चावलेला हात-पाय हलू देऊ नका आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते. त्यामुळे साप ओळखण्यासाठी त्याला मारून पिशवीत घालून नेण्याची गरज नाही; त्या खटाटोपात दुसऱ्याला चावा बसतो.

झटपट फेरी : एका दमात दहा

१. कुहू-कुहू गाणारा नर की मादी? नर कोकीळ. मादी ठिपक्यांची असते आणि कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते.

२. 'पेरते व्हा' म्हणणारा पावशा अंडी कुठे घालतो? सातभाईच्या घरट्यात.

३. कलिंगडात पाणी किती? ९० टक्क्यांहून जास्त.

४. कलिंगडाचे सख्खे नातेवाईक कोण? काकडी, भोपळा, कारलं, दोडका. एकच कूळ.

५. महाराष्ट्राचा राज्यवृक्ष? आंबा.

६. राज्यफूल? ताम्हण. ऐन उन्हाळ्यात जांभळं फुलतं.

७. गुलमोहर मूळचा कुठला? आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावरचा.

८. उंटाच्या पाठीवरच्या उंचवट्यात काय असतं? पाणी नाही, चरबी.

९. 'मॉन्सून' शब्द कोणत्या भाषेतून आला? अरबीतल्या 'मौसिम'वरून, अर्थ ऋतू.

१०. २१ जूनला दिवस सर्वांत मोठा, मग आपल्याकडे मे महिनाच जास्त का तापतो? जूनमध्ये मॉन्सूनचे ढग येतात, ऊन अडतं आणि पाऊस जमीन गार करतो.

गुण मोजून झाले की कोण जिंकलं ते जाहीर करा. मात्र झोपायला उठण्याआधी घरातल्या सर्वांत लहान पोराला तीन गोष्टी पुन्हा विचारा : ऊन लागलेल्या माणसाचं आधी काय करायचं, ढग गडगडले की कुठे जायचं नाही आणि साप चावला तर कुठे जायचं. 'अंगावर पाणी ओतायचं, झाडाखाली जायचं नाही, दवाखान्यात जायचं' अशी तिन्ही उत्तरं आली, तर बैठक सार्थकी लागली. आंबे पिळायला मग दोन्ही गट बसले तरी चालेल.